२००० ची नोट मागे घेतली म्हणजे पुन्हा नोटबंदीच ना? यातून साधलं काय?

नाही. २००० च्या नोटा १९ मे २०२३ पासून परत घेतल्या, पण ती नोट आजही कायदेशीर चलन आहे. २०१६ ची टंचाई भरायला आणलेली, छपाईही २०१८-१९ मध्येच थांबलेली. ८ नोव्हेंबर २०१६ ला मात्र ५०० आणि १००० च्या नोटा मध्यरात्रीतून बाद झाल्या, चलनातल्या रकमेच्या ८६ टक्के. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

काळा पैसा संपला म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. जे परत येणार नाही ते काळं, असा हिशोब होता. बाद झालेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. काळा पैसा प्लॉटात आणि सोन्यात असतो, गठ्ठ्यात थोडाच.

मार बसला तो मराठवाड्यासारख्या भागाला. नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी, सोयाबीन बाजारात, हरभऱ्याची पेरणी. गावाचा पैसा गावच्या सहकारी सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेतून फिरतो. या बँकांनी चार-पाच दिवस जुन्या नोटा घेतल्या आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली. नोटा तिजोरीत पडून, ठेवीदाराचं व्याज चालू. त्या भरून घ्यायची परवानगी आली जून २०१७ मध्ये. आपल्याकडच्या काही जिल्हा बँका आधीच आजारी होत्या, त्यांना हे झेपणारं नव्हतं.

"शेतकऱ्याला सवलत होती की!" हे अजून ऐकवलं जातं. पीककर्जाच्या खात्यातून आठवड्याला २५,००० आणि बाजार समितीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ५०,००० रोख काढता यायचे. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला २,७७५. म्हणजे ५०,००० त १८ क्विंटल. एक ट्रॉली उतरली की आठवड्याची रोकड संपली, हमाली-तोलाई वेगळीच. मग चेक. तो वटला तरी शाखेत नोटा नाहीत. नव्या नोटांचं माप वेगळं, म्हणून एटीएमचे कप्पे एकेका मशीनपाशी जाऊन बदलावे लागले.

खोट्या नोटा रोखण्याचा हेतू रास्त होता, हे मान्य. पण पुढे नव्या नोटांच्याही नकला सापडल्याच. मोबाईलवरून पैसे देणं वाढलं, हेही खरं.

घरात २००० ची नोट निघाली तर बँक घेणार नाही. रिझर्व्ह बँकेची बदलून देणारी कार्यालयं राज्यात नागपूर, मुंबई आणि बेलापूरला. मराठवाड्यात एकही नाही. पोस्टातून विमा करून पाठवा, सोबत ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील. रक्कम खात्यात येते. जुन्या ५००-१००० च्या मात्र आठवण म्हणूनही दहापेक्षा जास्त ठेवू नका, २०१७ च्या कायद्यानं १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त तेवढा दंड होऊ शकतो.