१०० वॅट कशाला हवेत?

गाणी ऐकायला कोणता अँप आणि स्पीकर घ्यावेत, असं विचारलंत. तुमची १२ बाय १० फुटांची खोली, ऐकणं मुख्यतः ख्याल आणि जुनी गाणी, तेही रात्री हळू आवाजात. आणि बेत असा की निम्म्याहून जास्त पैसे १०० वॅटच्या अँपवर (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरवर) घालायचे, उरलेल्यात बसतील ते स्पीकर घ्यायचे. तुमचा हा क्रम उलटा करा. दोन बऱ्या अँपमधला फरक कळायला कान टवकारून बसावं लागतं. दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतही कळतो.

आधी वॅटचं निस्तरू. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी असते, समजा ८५ डेसिबल. म्हणजे ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. तुम्ही बसणार अडीच मीटरवर. अंतरापायी साधारण ८ डेसिबल जातात, स्पीकर दोन म्हणून ३ परत येतात. दोघांना एकेक वॅट दिला तरी कानाशी ८० डेसिबल झाले, भिंतींवरून परतणारा आवाज वेगळाच. एवढ्यात समोरच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. पुढे वॅट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. दहापट केले की १०, तेव्हा कुठे आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ४० वॅटचा अँप तुम्हाला ९६ पर्यंत नेतो, १०० वॅटचा १०० पर्यंत. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ चा स्पीकर निवडलात तर वॅट दुप्पट केल्याचा फायदा फुकटात.

यात ग्यानबाची मेख अशी की सेन्सिटिव्हिटीचे बरेच आकडे २.८३ व्होल्टला मोजलेले असतात. ८ ओहमला तो १ वॅट, पण ४ ओहमला २. अशा ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करा. खोक्यावरच्या पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले क्षणिक वॅट) आकड्याकडे तर बघूच नका. डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना ८ ओहमला सलग किती वॅट, एवढंच खरं.

आता खोली. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. अशाच खोलीत हौसेने जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर आणले आणि जागा वाचावी म्हणून भिंतीला टेकवून ठेवले. डग्ग्याची प्रत्येक थाप घुमत राहायची, खर्जातले काही ठरावीक स्वर फुगायचे, बाकीचे बारीक. खापर अँपवर फोडलं. अँप बदलला, मग पुन्हा बदलला. एकदा झाडलोट करताना स्पीकर फूट-दीड फूट पुढे ओढले आणि तसेच राहिले. संध्याकाळी गाणं लावलं तर निम्मा घुमारा गायब! १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झला लहर भिंतीभिंतींत अडकते, १० फुटांत ५६ च्या आसपास. स्पीकर भिंतीशी, त्यातून कोपऱ्यात असला की त्या लहरींना सगळ्यात जास्त जोर मिळतो. तुमची खुर्चीही मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे बास साचतो.

म्हणून तुमच्यासाठी टॉवर नकोत. पाच-साडेसहा इंची वूफरचे (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर घ्या आणि स्टँडचे पैसे आधीच बाजूला काढा. ट्वीटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण.

निवडताना रोजच्या ऐकण्यातलं गाणं घेऊन जा. मी तंबोऱ्यावरून जोखतो: जवारीचा झंकार सुटा ऐकू येतो की नुसती सूं-सूं, ते लगेच कळतं. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त चांगला वाटतो. आणि बदलाबदली दुसऱ्याला करू द्या, तुम्ही डोळे मिटून बसा. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये असे न दाखवता ऐकवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. बहुतेकांची पसंती सपाट, समतोल स्पीकरकडेच गेली, आणि बाजूने ऐकतानाही ज्यांचा सूर बदलत नाही त्यांच्याकडे. नाव आणि दिमाख दिसला की मतं फिरतात.

अँप ४० ते ६० वॅटचा पुरे. क्लास डी (कमी वीज खाणारा, कमी तापणारा प्रकार) असला तरी बिचकू नका. स्पीकर ४ ओहमचा असेल तर अँपला ते चालतं का, एवढं तपासा. तुमच्या रात्रीच्या ऐकण्यासाठी मात्र लाउडनेस बटण (हळू आवाजात खर्ज वाढवून देणारं) किंवा बास-ट्रेबलचे नॉब असलेलाच बघा. आवाज कमी केला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. टोन कंट्रोल वापरणं म्हणजे पाप, असं म्हणणारे भेटतील. खुशाल वापरा.

वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची, बस्स. जोडताना लाल टोक लालला. एका बाजूला उलटं झालं तर बास पातळ होतो आणि गायक मधोमध न बसता खोलीभर पसरतो. तसं झालं तर अँप परत करायला निघण्याआधी वायर बघा.