सर्पदंशाची वीस मिनिटांची चाचणी अपघातातील जखमीला चालेल का?

रात्री प्रयोगशाळा बंद असताना इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यातून महामार्गावरचा गंभीर जखमी आला, तर सर्पदंशासाठी करतो तीच चाचणी करून त्याचे रक्त गोठते की नाही हे पाहावे का, असे आपण विचारले आहे. जरूर पाहावे, डॉक्टर. मात्र उत्तराचा अर्थ इथे निराळा लावावा लागतो.

शिरेतले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, कोरड्या परीक्षानळीत घालून 20 मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करायची, हे आपल्याला पाठ असेलच. घोटाळा होतो तो नळीत. गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत तो स्पर्श नीट मिळत नाही आणि धडधाकट माणसाचे रक्तही पातळ राहू शकते. म्हणून मी ड्यूटीवरच्या एखाद्या सहकाऱ्याचे रक्त शेजारच्या नळीत ठेवतो. (आमच्या सिस्टर आता काचेची नळी दिसली की न सांगताच हात पुढे करतात.) थंडीच्या दिवसांत नळ्या खिडकीजवळ ठेवू नयेत, कारण गारठ्यात रक्त उशिरा गोठते.

घोणसाच्या विषाने फायब्रिनोजेन (रक्ताची गाठ बांधणारे प्रथिन) जवळजवळ संपते, त्यामुळे नळीचा कौल स्पष्ट असतो. अपघातात मात्र ते डेसिलिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या खाली घसरले, तरी रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला भरपाई लागते, आणि त्या पातळीलाही नळीत गाठ धरू शकते. म्हणजे रक्त पातळच राहिले तर धोका मोठा आहे. गोठले तर त्यावरून निर्धास्त होता येत नाही. गोठलेली नळी तासभर तशीच ठेवावी, कारण झालेली गाठ पुन्हा विरघळू लागली तर तीही वाईट खूण असते. सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहणे आणि चादरीवरच्या रक्तात गुठळ्याच नसणे, या खुणा मला कित्येकदा नळीच्या आधी दिसल्या आहेत.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (गाठ विरघळू न देणारे औषध) मात्र या निकालासाठी अडवू नये. अपघातातील जखमींवर झालेल्या 2010 च्या क्रॅश-2 अभ्यासातील मात्रा 10 मिनिटांत 1 ग्रॅम आणि पुढे 8 तासांत 1 ग्रॅम अशी होती; पहिली मात्रा दुखापतीपासून 3 तासांच्या आत जायला हवी, त्यानंतर सुरू केल्यास अपायाची शक्यता असते. रुग्णाला पांघरूण घालून उबदार ठेवावे, सलाईनचा मारा टाळावा आणि नाशिकला पाठवताना नळीची वेळ व निकाल संदर्भचिठ्ठीवर लिहावा, म्हणजे तिकडे रक्तघटकांची तयारी आधीच सुरू करता येते.