अमेरिकाना संगीत यूट्यूबवर फुकट ऐकता येतं, मग शंभर डॉलर मोजून कॉन्सर्टला कशाला जायचं?

जायचं. फोनवर दोन गाणी ऐकून "काही दम नाही" म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडते, आणि त्यातला सगळ्यात चिवट गडी माझा सख्खा मोठा भाऊ आहे. म्हणून उत्तर लांबणार.

दादा पुण्याचा. दरवर्षी सवाई, तेही भारतीय बैठकीत. खुर्चीवाल्यांना तो श्रोते मानतच नाही. मी अमेरिकेत नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, आल्यापासून त्याचं एकच पालुपद : "तीन कॉर्ड, एक ट्रक, एक बिअर. याला संगीत म्हणता?" रेडिओवरच्या चकचकीत कंट्रीबद्दल मी हे मान्यही करीन. पण अमेरिकाना म्हणजे ते नव्हे. जुनं कंट्री, फोक, ब्लूज, ब्लूग्रास, गॉस्पेल यांच्याशी नातं ठेवून, रेडिओच्या बाजाराला फारसं न विचारता गाणारी ही माणसं. गायक-गीतकार जॉन प्राइन शिकागोजवळ टपाल वाटायचा आणि वाटता वाटता गाणी रचायचा. गायिका रिअॅनन गिडन्स बँजो घेऊन उभी राहते, तेव्हा ते वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं आहे हे कुणाला विसरू देत नाही. यात ट्रक कुठे आला?

दादा इकडे आला तेव्हा त्याला नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात नेलं. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज ही गाणारी जोडी होती. रायमन 1892 मध्ये प्रार्थनागृह म्हणून बांधलेलं, 1943 ते 1974 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम इथूनच व्हायचा. बसायला अजून लाकडी बाकं. दादा म्हणाला, "उशीचं तिकीट वेगळं का?" मग मंचावर दोघंच आले, दोन गिटार घेऊन. "तबलजी यायचाय का अजून?" हे तो जरा मोठ्यानेच बोलला.

रॉलिंग्जची गिटार 1935 ची एपिफोन, लहानखुरी. दोन कडव्यांच्या मधे तो असा भलत्याच सुरावर जाऊन थांबतो की वाटावं, चुकला. आणि मग गिलियनच्या ओळीच्या तोंडाशी नेमका येऊन मिळतो. हे दादाला समजावून सांगावं लागलं नाही. आधी मान हलली, मग बोटं मांडीवर मात्रा मोजायला लागली, आणि एका जागी तोंडातून "क्या बात है" निघून गेलं. पुढच्या बाकावरच्या आजी वळून हसल्या.

गाडीत बसल्यावर मात्र : "गिटारवाला तयारीचा आहे. पण विस्तार नाही." मी म्हटलं, यांच्या 2001 च्या अल्बममधलं शेवटचं गाणं जवळपास 15 मिनिटांचं आहे. तर म्हणे, "लांबी म्हणजे विस्तार नव्हे."

दादासारख्या सगळ्यांनाच विचारते : ठुमरीत एकाच ओळीतून बाई दहा अर्थ काढतात तेव्हा बोल बनाव म्हणून डोलता ना? इथे कहाणी पुढे सरकते आणि तेच ध्रुवपद दर कडव्यानंतर वेगळं लागतं, तर ते मात्र तुम्हाला नुसतं पुन्हा पुन्हा वाटतं! हा कानाचा दोष नाही, हट्ट आहे.

तुमचं यूट्यूब. दोन आवाज इतके जवळून गातात की वर कोण, खाली कोण कळत नाही. फोनच्या स्पीकरवर त्यांचा एकच पातळ आवाज होतो. शिवाय समोर बसून दिलेली दाद गाणाऱ्यापर्यंत पोचते. (कार्यक्रमभर फोन उंच धरून शूटिंग करणाऱ्यांनी घरीच थांबावं.)

शंभर डॉलरचं म्हणाल तर एवढे द्यावे लागतातच असं नाही. पुनर्विक्रीच्या साइटवरून तिकीट घेऊ नका, सभागृहाच्या खिडकीवर घ्या. स्टेडियम तर सोडाच. नॅशव्हिलला आलात तर ब्लूबर्ड कॅफे बघा : जेमतेम 90 जागा, गाणारे मधोमध गोल करून बसतात आणि गप्पा मारणाऱ्याला सरळ गप्प करतात. सप्टेंबरात अमेरिकानाफेस्ट असतो, तेव्हा गावभर छोट्या जागांत कार्यक्रम चालतात. रायमनला बाल्कनीखालच्या मागच्या रांगा टाळा, खांब आडवे येतात.

अर्थात गोंगाट, नाच, दिव्यांचा झगमगाट हवा असेल तर हे संगीत तुमच्यासाठी नाही, पैसे वाचवा. आणि दक्षिणेकडचे उच्चार पहिल्यांदा निम्मेच कळतात, तेव्हा गाण्यांचे शब्द आदल्या दिवशी वाचून जा. दादाला मी पाठवले होते. त्याने उघडलेसुद्धा नाहीत, आणि म्हणे विस्तार नाही.