पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटांवर पहिली माणसं वादळात भरकटत पोहोचली का?

नाही, ती ठरवून गेली. सुमारे 3000 वर्षांपूर्वी लापिता लोक (नक्षीदार मडक्यांवरून ओळखले जाणारे प्राचीन दर्यावर्दी) वानुआतू, फिजी, टोंगापर्यंत पोहोचले, तेही होडीत अळूचे कंद आणि कोंबड्या घेऊन. मासेमारीला निघून भरकटलेला माणूस लावणीचे कंद कशाला बरोबर घेईल? शिवाय तिथे वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून वाहतो. म्हणजे पश्चिमेकडून जाताना तो तोंडावर. पण जमीन नाहीच सापडली तर तोच वारा घरी आणून सोडतो. मला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं. त्यांच्या मडक्यांवर दातेरी ठशांची बारीक नक्षी असते, कधी त्यात माणसाचा चेहराही दिसतो. वानुआतूतल्या तेओउमा दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या डीएनएचे निष्कर्ष 2016 मध्ये आले: जवळचं नातं निघालं ते तैवान आणि फिलिपिन्सच्या मूळ रहिवाशांशी.