जिमच्या कार्डाआधी २१ हजारांची रेघ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापे एमआयडीसीत साठेक माणसांची कंपनी, खाली असेंब्ली, वर ऑफिस. बाहेर दीड-दोन हजार जास्त मिळाले की माणसं रबाळ्याला नाहीतर तुर्भ्याला निघून जातात. सरसकट पगारवाढ मालकांना परवडत नाही, म्हणून एचआर सांभाळणाऱ्या ताईंना त्यांनी 'बेनिफिट्स'ची यादी करायला सांगितली आहे. पहिल्या यादीत जिमचं कार्ड, टीटी टेबल, वाढदिवसाचा केक आणि 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' आहे. याने माणसं थांबतील का, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, नाही थांबणार. केक खातील, ग्रुपवर फोटो टाकतील आणि एक तारखेचा पगार झाला की राजीनामा देतील. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं पर्सोनेल-ॲडमिन बघितलं आहे. तिथे दिसलं ते असं, की माणूस सवलतींची यादी लक्षात ठेवत नाही. बाप आयसीयूत असताना, पोराची फी भरायची असताना, गावाला जायचं असताना कंपनीने आपल्याला किती हेलपाटे घालायला लावले, ते मात्र तो पक्कं लक्षात ठेवतो, आणि जेवणाच्या सुट्टीत इतरांना सांगतोही.

आधी एक सफाई करा. पीएफ, ईएसआय (म्हणजे कर्मचारी राज्य विमा), बोनस आणि ग्रॅच्युइटी तुमच्या जाहिरातीत 'आकर्षक सुविधा' म्हणून लिहिलेलं असेल तर ते काढून टाका. ते कायद्याचं देणं आहे, आणि शॉप फ्लोअरवरच्या माणसाला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ८.३३ टक्के बोनस हा किमान आहे, तो देऊन उपकार केल्याचं भाषण करू नये. दिवाळीच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या सानुग्रह अनुदानाचे आकडे पेपरात येतात, तेव्हा चहाच्या टपरीवर तुमच्या बोनसची तुलना त्यांच्याशीच होते. ठरावीक मुदतीच्या करारावर माणसं घेत असाल तर आणखी एक बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि अशा माणसाला पाच नाही, एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू होते.

मात्र कायद्याने जे आधीच मिळतं ते माणसांना माहीत करून देणं, हेही मोठं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पीएफबरोबर एक जीवन विमा असतो, ईडीएलआय. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तुमच्याकडे किती जणांना हे माहीत आहे, विचारून बघा. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत याची नोंद, किती जणांनी केलंय हेही विचारा. लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने करावं लागतं, ते बहुतेकांनी केलेलं नसतं. एका शनिवारी लॅपटॉप घेऊन खाली बसा, एकेकाला बोलवा, आधार आणि फोटो जोडून नॉमिनेशन पूर्ण करून द्या. टीटी टेबलाच्या खर्चात असे कितीतरी शनिवार निघतील.

आता मुख्य गोष्ट. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. तिच्या आतल्या माणसाला ०.७५ टक्के वर्गणीत स्वतःसकट कुटुंबाचे उपचार मिळतात, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नसते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगेला आपण कितीही नावं ठेवू, मोठ्या आजारात हीच सोय घर वाचवते. आणि नेमका तुमचा चांगला ऑपरेटर, पाच-सहा वर्षं टिकलेला, तुम्ही पगारवाढ देता तेव्हा या रेघेच्या बाहेर पडतो. लगेच नाही. मेमध्ये पगार २२ हजार झाला तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी कापली जाते आणि तिच्यावर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. मग बंद. म्हणजे हजार रुपये वाढले आणि म्हाताऱ्या आईवडिलांचं संरक्षण गेलं. 'साहेब, मला वाढ नको, ईएसआय राहू द्या' असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मालकांना ते वेडेपणाचं वाटतं. त्या माणसाचा हिशेब बरोबर असतो.

मालकांसमोर हाच हिशेब ठेवा. २१ हजारांवर कंपनीची वर्गणी ३.२५ टक्के, म्हणजे महिना ६८२ रुपये ५० पैसे, वर्षाला ८,१९०. माणूस रेघेबाहेर गेला की ही रक्कम कंपनीची वाचते. कोणी ठरवून वाचवत नाही, ती आपोआप नफ्यात जाऊन बसते. ती तशी बसू देऊ नका. रेघ ओलांडणाऱ्यांसाठी ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा, घ्या आणि या पैशातून हप्ता भरा. आईवडिलांना घेतलं की हप्ता चढतो हे खरं. तरी हप्त्याचा काही भाग पगारातून कापून त्यांना घेता येतं का, हे एजंटला विचारा. तरुण माणसाला स्वतःच्या दवाखान्याची फिकीर नसते, आईच्या गुडघ्याची आणि बापाच्या अँजिओप्लास्टीची असते.

पॉलिसी घेताना नुसता 'पाच लाखांचं कव्हर' हा आकडा बघून सही करू नका. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, बाळंतपणाला किती मर्यादा आहे, आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, हे बघा. ही शेवटची अट फार छळते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, डॉक्टरांच्या आणि ऑपरेशनच्या बिलातही त्याच प्रमाणात कात्री लावते. आपल्या माणसांच्या घराजवळची कळवा, दिवा, कल्याण, कामोठे इथली कोणती हॉस्पिटलं कॅशलेसच्या यादीत आहेत तेही तपासा. माणूस राहतो दिव्याला आणि यादीतली हॉस्पिटलं सगळी दक्षिण मुंबईत, असं झालं तर कार्ड पाकिटातच राहतं. नोकरी सुटली की ग्रुपचं कव्हर संपतं, पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, ही माहिती निघणाऱ्या माणसालाही द्या. निघून गेलेला माणूस बाहेर काय बोलतो, त्यावर तुमची पुढची भरती अवलंबून असते. टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेचा, फोन रात्री कोण उचलणार, हेही ठरवून ठेवा. क्लेम अडकला की कामगाराने टोल फ्री नंबरवर संगीत ऐकत बसायचं, की ऑफिसातलं कोणीतरी त्याच्या वतीने भांडायचं? भांडणारं कोणी असेल तर तीन लाखांची पॉलिसीही नावाजली जाते.

प्रवासाकडे वळू. महाप्याला स्टेशन नाही. घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा, आणि ठाण्याहून येणारा त्याआधी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभा. स्वतःची बस परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कंपन्यांशी बोलून स्टेशनपासून एकत्र गाडी ठेवा. आपल्याकडे गेटला गेट लागून असलेल्या कंपन्या एकमेकींशी बोलत का नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. घर ते कामाची जागा अशी कंपनीने दिलेली वाहतूक कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही, म्हणून दरमहा भत्ता वाढवण्यापेक्षा गाडी त्यालाही फायद्याची. आणि 'तीन लेट मार्कला अर्धा दिवस कट' हा नियम असेल तर त्याच्याकडे एकदा नीट बघा. जुलैत रुळांवर पाणी आलं, गाड्या रखडल्या आणि पोरगा चिखलात चालत आला, त्या दिवशी त्याला लाल शेरा मारून कंपनीला काय मिळालं?

रजेच्या बाबतीत गणपती सांभाळा, अर्धी लढाई जिंकाल. कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं. तुमची रजा गणपतीच्या पंधरा दिवस आधी मंजूर होत असेल तर ती मंजुरी त्याच्या काय कामाची? आरक्षण उघडायच्या आधीच कोण कधी जाणार याचा तक्ता लावा. एका वर्षी गणपतीला न जाणाऱ्याला पुढच्या वर्षी पहिला हक्क. उत्तर भारतातल्या मुलांचा छठ आणि होळीचा तक्ता वेगळा. याला खर्च शून्य आहे, आणि आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्याही कमी होतात.

तुमच्याकडे साठ माणसं आहेत, म्हणजे पाळणाघराची तरतूदही लागू आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की ती सोय द्यावीच लागते, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता आलं पाहिजे. नव्या संहितेनुसार काही आस्थापना मिळून एकच पाळणाघर चालवू शकतात, त्यामुळे गाडीसाठी शेजाऱ्याशी बोलाल तेव्हा हाही विषय काढा. असेंब्लीवर बायका जास्त असतील तर २६ आठवड्यांच्या बाळंतरजेनंतर कोण परत येते आणि कोण येत नाही, हे बहुतेक याच एका गोष्टीवर ठरतं.

उचल. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं असतात. कंपनी देत नसेल तर माणूस मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे जातो, आणि मग वसुलीवाल्यांचे फोन तुमच्या रिसेप्शनवर येतात. एका पगारापर्यंत बिनव्याजी उचल, चार-सहा हप्त्यांत कपात, कारण सांगायची सक्ती नाही, एवढं पुरे. मुलीच्या फीसाठी पैसे मागताना माणसाला चार केबिनमध्ये तीच कहाणी सांगायला लावू नका.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींचं गणित वेगळं. नव्या कररचनेत ८०सीखालची गुंतवणुकीची सूट वगैरे गेल्याने त्यांना हातात काय पडतं याचीच चिंता असते. पगाराच्या रचनेतच कंपनीकडून एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरणा ठेवला तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या रचनेतही करातून सुटते. कंपनीचा एकूण खर्च तोच राहतो. ज्यांना नको त्यांच्यावर लादू नका, पंचविशीतल्या पोराला वर्षानुवर्षं अडकलेले पैसे आवडत नाहीत.

'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' मी असतो तर सुरूच केलं नसतं. साठ माणसांत दरमहा एकाचा फोटो भिंतीवर लागतो आणि बाकी एकोणसाठ जण साहेबांचा लाडका कोण यावर बोलतात. त्याऐवजी असेंब्ली लाइनचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी झालं तर त्या वाचलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा सगळ्या लाइनला द्या, आणि हिशेब बोर्डावर लिहा. केक मात्र राहू द्या. त्याला माझा विरोध नाही, तो सवलतीच्या यादीत मोजू नका इतकंच.

मालकांना हे एकदम सांगायला गेलात तर ते घाबरतील. पहिल्या तिमाहीत फुकटच्या गोष्टी करा: नॉमिनेशन, रजेचा तक्ता, लेट मार्कचा नियम. मेडिक्लेमचं कोटेशन तोवर मागवून ठेवा. तुमचे किती जण २० ते २३ हजारांच्या पट्ट्यात आहेत आणि त्यांतले किती आईवडिलांसोबत राहतात, हे दोन आकडे इथे लिहिलेत तर पॉलिसीत काय मागायचं आणि काय सोडायचं ते जास्त नेमकं सांगता येईल.