पहिल्या दिवशी बंदूक घरीच ठेवून जा

या वेळी बंदुकीबद्दलची तीन पत्रं एकदम आली, म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातली भीती मला फार ओळखीची आहे.

प्रश्न : काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. घरात बारा बोअरची दुनळी आहे, पीक राखायला म्हणून वडिलांच्या नावावर जुनं लायसन्स होतं. वडिलांना ७० पूर्ण झाली तसं अर्ज करून ते माझ्या नावावर करून घेतलं, पोलिसांच्या बंदूक ट्रेनिंग कॅम्पला पण जाऊन आलोय. खरं अजून बंदूक हातात घेतली की हात थरथरतात. बेळगावात एखाद्या रेंजवर जाऊन नीट शिकावं म्हणालोय, खरं धाडस होईना झालंय. तिथं सगळे जाकीटवाले शहरातले, आपण शेतातनं उठून जाणार, कन्नड पण मोडकंतोडकंच येतंय. हसतील काय कोण? आणि जाताना ही बंदूक घेऊन जाऊ काय?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बंदूक नेऊ नका. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं जा.

कारण असं की तुमच्या लायसन्सवर एक रकाना असतो, ही बंदूक कुठल्या भागात चालते ते त्यात लिहिलेलं असतं. तो रकाना आज रात्री घरात लाइटखाली बसून नीट वाचा. पीक राखण्यासाठी दिलेल्या लायसन्सवर ठरावीक भागच लिहिलेला असू शकतो, आणि तसं असेल तर खानापूरहून बेळगावला २५-२६ किलोमीटर बंदूक नेणंसुद्धा अटीचा भंग होतो, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. शिकायचंच आहे म्हणून न्यायची असेल तर ज्या ऑफिसातनं लायसन्स निघालं तिथं लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या, कुणी तोंडी 'चालतंय की' म्हणालं तर त्याच्यावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे आपल्याकडच्या गावागावांत जे शूटिंग क्लब असतात ते बहुतेक १० मीटरचे, एअर रायफल आणि एअर पिस्तूलवाले. एक लांब खोली, पलीकडे टार्गेट, मागे छर्रे अडवणारी पेटी. ती पेटी ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्र्यासाठी केलेली असते, तिच्यावर बारा बोअरचा बार काढायचा विचारसुद्धा कुणी करू नये. बारा बोअरला वेगळी मोकळी रेंज लागते, पुढं खूप लांबपर्यंत माणूस-जनावर काही नसलेली. म्हणून बंदूक खांद्यावर टाकून गेलात तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील आणि तुम्हाला वाटेल आपण शेतकरी म्हणून हाकललं. तसं नसतं ते.

मग जाऊन करायचं काय, तर क्लबची एअर रायफल मागायची. तुम्हाला वाटेल हे पोरांचं खेळणं, आमच्या दुनळीपुढं ते काय. खरं हात थरथरण्यावर औषध तेच आहे. एअर रायफलला धक्का नाही, मोठा आवाज नाही, त्यामुळे मन घाबरून आधीच डोळे मिटत नाहीत आणि चाप ओढताना आपण नक्की काय चूक करतो ते टार्गेटवर स्वच्छ दिसतं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांची जागा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथं श्वास जरा वर-खाली झाला तरी छर्रा बाहेर जातो. महिनाभर हे केलंत की दुनळी हातात घेतल्यावर तुमचा खांदा, श्वास, बोट आपापल्या जागी बसलेलं तुम्हालाच जाणवेल.

आता हसण्याबद्दल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशी चप्पल काढावी की नाही इथनंच माझी सुरुवात होती. कुणाला विचारायचं कळेना, दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. एक रिटायर हवालदार होते, कन्नडच बोलणारे, त्यांनी मला शेजारी बाकावर बसवलं आणि तासभर नुसतं बघायला लावलं. नंतर रायफल हातात दिली, दस्ता खांद्याच्या खळीत त्यांनीच दाबून बसवला आणि मी चाप झटक्यात ओढला की दर वेळी म्हणायचे, 'निधान, निधान'. सावकाश. मला तेव्हा कन्नड धड येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण तो एक शब्द पुरला. रेंजवरच्या ऑर्डरी तशाही इंग्रजीच असतात, लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड, आणि त्या मराठीवाल्याला आणि कन्नडवाल्याला सारख्याच पाठ कराव्या लागतात. भाषेचं ओझं मनावरनं उतरवा दादा. तिथं जाऊन फक्त एवढं म्हणा की मी नवीन आहे, मला काही येत नाही. हे वाक्य मराठीत म्हटलं तरी बेळगावात कळतं.

क्लबचं नाव मात्र मी छापत नाही, कारण क्लब त्याच्या कोचवर चालतो, आज चांगला माणूस आहे, उद्या तो दुसरीकडे गेला की जागा बदलते. शोधायचं असं : कर्नाटक स्टेट रायफल असोसिएशनकडे विचारा की आपल्या भागात त्यांच्याशी जोडलेले क्लब कुठले, तुमच्या जवळच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या सरांना विचारा, आणि ज्या पोलीस कॅम्पला जाऊन आलात तिथल्या इन्स्ट्रक्टरलाच विचारा, त्यांना कोण मनापासून शिकवतो ते बरोबर माहीत असतं. बेळगावच्या कॅम्प भागातल्या मिलिटरीच्या फायरिंग रेंजकडे मात्र फिरकू नका, ती जवानांसाठी आहे.

चांगली जागा ओळखायची कशी ते सांगतो, हे माझं स्वतःचं मत आहे आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. जिथं पहिल्याच दिवशी चहा पाजून, हातात रायफल देऊन 'घ्या मारा, फोटो काढा' म्हणतात, ती जागा मला गोड वाटत नाही. जिथं तुमचं ओळखपत्र मागतात, वहीत नाव लिहायला लावतात, नळी नेहमी टार्गेटकडे, बोट चापाच्या बाहेर हे चार-चार वेळा ऐकवतात, पुढं कुणी टार्गेट बदलायला गेलं असलं की बाकीच्यांना रायफलला हातसुद्धा लावू देत नाहीत, तिथं राहा. नव्या माणसाला थांबवून चूक दाखवतात म्हणजे तो माणूस त्यांना हवा आहे. ओरडले तरी वाईट वाटून घेऊ नका, फक्त ओरडण्यात अपमान आहे की काळजी आहे ते बघा, ते पाच मिनिटांत कळतं. आणि पहिल्या आठवड्यातच कुणी महागाची रायफल गळ्यात मारायला लागला तर सरळ दुसरा क्लब बघा.

तुमच्या दुनळीबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. जांबोटीकडचा पाऊस म्हणजे भिंतीला बुरशी चढते, तिथं नळी गंजायला किती वेळ लागतो. वडिलांनी शेवटचा बार कधी काढला होता ते विचारा. बरीच वर्षं झाली असतील तर लायसन्स असलेल्या बंदूक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नका. नळीला आतनं खड्डे पडलेत का, कुठं चेपलीय का, बंद केल्यावर सांध्यात हलते का, हे त्याला बघू दे. नळीवर काडतुसाच्या घराची लांबी कोरलेली असते तीही विचारून घ्या, कारण बऱ्याच जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेल्या असतात आणि त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, बसतं म्हणून माणूस भरतो, आणि बार काढताना नळीत दाब नको तितका वाढतो. दर वेळी भरायच्या आधी नळीतनं उजेडाकडे बघायची सवय लावा, अर्थात बंदूक मोडून, म्हणजे सांध्यातनं उघडून, रिकामी असताना. कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते, मी स्वतः काढलंय एकदा काडीनं, आणि तसाच बार काढला असता तर काय झालं असतं हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

चाप ओढला आणि काडतूस उडालं नाही तर लगेच बंदूक मोडायची नाही. नळी निशाण्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, ओल धरलेलं काडतूस उशिरानंही उडतं. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली पोरांना माहीत नसलेल्या जागी. शेतात डुक्कर आलं म्हणून परवानगीशिवाय मारू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आपल्या शेताच्या बांधालाही लागू आहे, वन खात्याकडे आधी जा.

वडिलांना पण एकदा रेंजवर घेऊन जा. त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू तुम्ही नीट शिकून हातात घेताय हे त्यांना बघू दे.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. स्वप्निल कुसाळेंचं मेडल टीव्हीवर बघितल्यापासून तिला शूटिंगचं वेड लागलंय. तिच्या मामानं वाढदिवसाला एअर रायफल आणून दिली, नळी मोडून भरायची असते तसली. ती टेरेसवर बाटल्या मांडून नेम मारते. घरातले म्हणतात मुलीला कशाला बंदूक. क्लबात मुलींना नीट वागवतात का?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, आधी टेरेसवरचं बंद करा, आजच. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर गनला लायसन्स लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे असं नाही. बाटलीवरनं उसळलेला छर्रा डोळा घालवू शकतो आणि चुकलेला पलीकडच्या गल्लीत जातो. छर्रा न घालता नुसतीच चाप ओढायलाही तिला सांगू नका, स्प्रिंगच्या रायफलीत आतला दट्ट्या रिकामाच आपटून खराब होतो. कुलपात ठेवा, मामाचं प्रेम कुठं जात नाही.

आणि तिला क्लबात घालाच. तुमच्यापासून ४० किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलला सोनं आणलं. दोघी मुलीच होत्या हो ताई, दोघींच्या घरीही कुणीतरी विचारलंच असेल. आणि स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ मिळवलं, त्या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक मेडल. घरातल्यांना हे सगळं सांगा, शांतपणे सांगा.

क्लब बघायला जाल तेव्हा तुम्ही स्वतः आत बसून एक पूर्ण बॅच बघा. पालकांना बसू देत नाहीत तिथं मुलीला पाठवू नका. अजून किती मुली येतात, त्या मोकळ्या बोलतात का, कोच पवित्रा दुरुस्त करताना आधी सांगून, विचारून हात लावतो का, हे बघा, बाकी टाइल्स आणि एसी असो नसो. शूटिंग झाल्यावर साबणानं हात धुवायला लावतात का तेही बघा, छर्रे शिशाचे असतात आणि तोच हात घेऊन पोरं डबा खातात. सुरुवातीचे काही महिने क्लबचीच रायफल वापरू द्या, मामानं दिलेली स्पर्धेला चालायची नाही आणि नवीन घ्यायची घाई करू नका, वाढत्या वयात मापं बदलतात. स्पर्धेत ६० छर्रे असतात, सव्वा तास उभं राहून, त्यामुळे पहिलं वर्ष पाय आणि पाठ तयार करण्यातच जातं. पुढं जी. व्ही. मावळंकर स्पर्धेचं नाव तुमच्या कानावर येईल, ती नॅशनलच्या वाटेवरची पायरी. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन सुरू झाली तिचे ते पहिले अध्यक्ष, त्यांच्या नावाची.

प्रश्न : स्वसंरक्षणासाठी .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलंय, लायसन्स कर्नाटकापुरतं आहे. इथं प्रॅक्टिसला जागा मिळत नाही. कोल्हापूरचा मित्र म्हणतो गाडीत टाकून घेऊन ये, दोन तासांचा तर रस्ता आहे. जाऊ का?
— बेळगाव

उत्तर : नाही. कोगनोळी ओलांडलं की महाराष्ट्र, आणि तिकडे शिनोळीत शिरलं तरी महाराष्ट्रच. आपल्याला सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं दोन्हीकडे एकच वाटतं, पण तुमच्या लायसन्सला तसं वाटत नाही. राज्याबाहेर न्यायचं तर आधी क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, तोपर्यंत ते रिव्हॉल्व्हर कर्नाटकातच राहिलं पाहिजे.

काडतुसांचाही विचार करा. वर्षाला किती आणि एका वेळी किती हे लायसन्सवर लिहिलेलं असतं, प्रत्येक खरेदीची नोंद होते, दोन रविवार मनसोक्त प्रॅक्टिस केली की कोटा संपतो. त्यापेक्षा कोल्हापूरला रिकाम्या हातानं जा, मित्राच्या क्लबात त्यांचं एअर पिस्तूल मागा आणि तेच चालवा. दहाची जागा तिथं ११.५ मिलिमीटरची आहे, एका हातानं धरायचं असतं, पहिल्या दिवशी पाच-सात छर्रे जरी टार्गेटच्या काळ्या गोलात लागले तरी खूप झालं. बेळगावात परत आलात की रिव्हॉल्व्हर चालवता येईल अशा २५ मीटर रेंजसाठी स्टेट असोसिएशनला पत्र लिहा, पत्रासोबत लायसन्सची कॉपी जोडा.