मोठ्या आतड्याचा कॅन्सर नेमका कुठे जास्त होतो? डावीकडचा भाग तपासला तर पुरे का?

एकच जागा सांगायची तर गुदाशय, म्हणजे गुदद्वाराच्या वरचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग. त्याच्या खालोखाल त्याला लागूनच असलेला, इंग्रजी एसच्या आकाराचा सिग्मॉइड. पण यावरून तुम्ही जो अर्थ काढलाय, की एवढंच बघितलं तर बाकीचं सोडून दिलं तरी चालेल, तो चुकीचा आहे.

आकडे देशागणिक आणि वयागणिक थोडे बदलतात. ढोबळमानाने शंभरातल्या 30 गाठी गुदाशयात आणि 20 ते 25 सिग्मॉइडमध्ये सापडतात. मधला उतरता भाग, म्हणजे डिसेंडिंग कोलन, तसा निवांत; तिथे पाचेक. उरलेल्या बहुतेक पोटाच्या उजव्या बाजूला आणि आडव्या भागात असतात. त्यातही सीकम, म्हणजे लहान आतडं जिथे येऊन मिळतं आणि जिथे अपेंडिक्स असतं ती सुरुवातीची पिशवी, एकटीच 15च्या आसपास घेऊन जाते. थोडक्यात, दहातल्या चारेक गाठी अशा ठिकाणी असतात जिथे बोटाने केलेली तपासणी किंवा 60 सेंटिमीटरची सिग्मॉइडोस्कोपी (आतड्याच्या फक्त खालच्या, डाव्या भागाची दुर्बिणीने तपासणी) पोचतच नाही. वय वाढतं तसं उजव्या बाजूचं प्रमाण वाढतं, बायकांमध्ये जास्तच. पन्नाशीच्या आत आजार झाला तर तो बहुधा गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असतो. लिंच सिंड्रोम (हा कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असलेल्या घराण्यांत मात्र कमी वयातही उजवी बाजू धरली जाते.

गाठ कुठे आहे त्यावर लक्षणं ठरतात, आणि खरा घोळ इथेच होतो. सीकम रुंद असतं आणि तिथला मळ पातळ असतो. त्यामुळे गाठ चांगली मोठी होईपर्यंत काही अडत नाही, पोटही नेहमीसारखं साफ होतं. ती आतून थोडी थोडी झिरपत राहते, पण रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. माणूस येतो तो दम लागतो, थकवा जात नाही म्हणून. हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) कमी. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आकडा थोडा वर येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर रक्त जातंय कुठे याचा शोध घ्यायलाच हवा. नुसत्या गोळ्या देऊन विषय संपवणं मला तरी पटत नाही.

सिग्मॉइडचं उलटं. नळी अरुंद, मळ घट्ट झालेला. गाठ कडेने गोल वाढली की कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, पोटात कळा. पोट फुगून गॅसही सरेनासा झाला तर आतडं अडलंय असं समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गुदाशयातल्या गाठीत लाल रक्त, आव आणि जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं. याला सर्रास मूळव्याध म्हटलं जातं. मूळव्याध खरोखर असूही शकते, पण म्हणून वर दुसरं काही नाही असं ठरत नाही. बोटाने तपासल्याशिवाय मलम लिहून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

उपचारही जागेप्रमाणे बदलतात. गुदाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कोंदणात असल्याने आधी एमआरआय करतात आणि गाठ पुढे गेलेली असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनआधी रेडिएशन व केमो देतात. वरच्या भागात सहसा थेट ऑपरेशन होतं. आजार पसरलेला असेल तर सेटुक्सिमॅबसारखी, गाठीची वाढ रोखणारी औषधं, गाठीतल्या रास (RAS) नावाच्या जनुकांत बिघाड नसताना, डाव्या बाजूच्या गाठींवर उजवीकडच्यापेक्षा चांगली चालतात.

म्हणून तपासायचंच असेल तर पूर्ण कोलोनोस्कोपी, म्हणजे सगळ्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करा. तीही अर्धवट होऊ शकते, आणि त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पोट नीट साफ न होणं. उजव्या बाजूचे काही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे पुढे कॅन्सर होऊ शकणारे फुगवटे, चपटे, फिकट आणि वर चिकट थर असलेले असतात. थोडा मळ राहिला की त्याखाली दडतात. पोट साफ करायच्या औषधाचा अर्धा डोस आदल्या संध्याकाळी आणि अर्धा तपासणीच्या दिवशी पहाटे घेतला की उजवी बाजू जास्त स्वच्छ मिळते. शेवटी बाहेर येणारं पाणी पिवळसर आणि आरपार दिसेल असं हवं. गढूळ असेल तर टेबलावर चढण्याआधीच सांगा. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत पोचल्याचा स्पष्ट उल्लेख, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो, आणि साफसफाईचा शेरा. ‘ट्रान्सव्हर्स कोलनपर्यंत (म्हणजे आडव्या भागापर्यंत) पाहिले, पुढे मळ’ असं लिहिलं असेल तर उजवी बाजू तपासलेलीच नाही. खाली ‘नॉर्मल’ लिहिलं असलं तरी तपासणी पुन्हा केव्हा करायची ते तिथेच विचारून घ्या.